पलीकडच्या म्हशीवर कोणी राहतं का?

फार मागे, गावांपेक्षा डबकी जास्त होती त्या काळी, एका म्हशीच्या पाठीवर गोचिडांची दाट वस्ती होती. जागेवरून रोज भांडणं होत. त्यातल्या चिकटोजी नावाच्या गोचिडाला एकच ध्यास लागला होता: समोर चरणाऱ्या त्या दुसऱ्या काळ्या डोंगरावर कोणी जिवंत असेल का?

"असलं कोणी तर ओळख काढू. नसलं तर निम्मे तिकडे राहायला जाऊ," वस्तीतल्या थोरल्या फुगाबाई म्हणाल्या. "पण आधी बघून ये, बाबा."

एका दुपारी दोन्ही म्हशी डबक्यात अंगाला अंग लावून बसल्या. चिकटोजी जीव मुठीत धरून पलीकडे उतरला. सगळी पाठ त्याने पालथी घातली. रान नुसतं ओसाड होतं. शेवटी एकटेपणाने कासावीस होऊन त्याने हाक मारली, "इथे कोणी राहतं का?"

"मी आहे की," म्हैस म्हणाली.

चिकटोजीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एका केसावर चढूनही पाहिलं. कोणीच दिसेना. "मी म्हणजे कोण?" त्याने विचारलं.

"जिच्यावर तू उभा आहेस ती."

त्याने पायाखाली पाहिलं. तिथे जमीन होती. खिन्न मनाने तो घरी परतला.

"तिकडे जीव नाही," त्याने सगळ्यांना सांगितलं. "जमीन तेवढी बोलते."

"बोलते तर आपलीही," फुगाबाई म्हणाल्या. "सकाळपासून म्हणतेय, आता मी चिखलात लोळणार. आपण लक्ष द्यायचं नसतं."