न मोडलेले चिमटे

“म्हणजे जो मोडला, तोच चांगला?” महाराजांनी विचारलं.

“तसंच म्हणावं लागेल.”

“आणि जो मोडला नाही?”

“तो बाजारात जातो.”

“तो कसा असतो?”

भूपाल मगदूम महाराजांकडे पाहतच राहिला...

हा प्रश्न त्याला मालकाने कधी विचारला नव्हता, गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. स्वतःला मात्र तो अलीकडे रोज पहाटे विचारत होता. आणि आज विचारला कुणी, तर ज्यांनी दीक्षा घेतल्यापासून कुठल्याही वाहनाला पाय लावलेला नाही, त्यांनी.

दिगंबर मुनी ते. पायी विहार करत आले होते आणि चार दिवस गावच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, उतरले होते. भूपाल शेजारच्या औद्योगिक वसाहतीत, सायकलचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्याचा मुख्य होता. तिथे चिमटे होत. सायकलचं पुढचं चाक ज्याच्या दोन पायांमध्ये बसवतात, तो चिमटा. नळ्या वाकवणारे वाकवत, जोड मारणारे डोळ्यांपुढे काळी काच धरून जोड मारत, रंगवाले रंगात बुडवून टांगत. सगळ्यांच्या शेवटी भूपाल उभा असे.

प्रत्येक लॉटमधले मूठभर चिमटे तो प्रेसखाली घाली आणि मोडेपर्यंत दाबी. काटा तांबड्या रेघेच्या पुढे जाऊन मग चिमटा मोडला, की लॉट पास. मोडलेले भंगारात, उरलेले पेट्यांत. भूपाल हिरव्या रंगात ब्रश बुडवून प्रत्येक पेटीवर एक ठिपका मारी. ठिपक्याशिवाय पेटी फाटकाबाहेर जात नसे. त्या ठिपक्याचा त्याला एवढा अभिमान, की पोरीच्या लग्नात विहिणीने गंध लावलं, तेही मधोमध लागलंय का ते त्याने आरशात पाहून घेतलं होतं.

मग पेपरात बातमी आली. कुठल्याशा गावात एका शाळकरी मुलीच्या सायकलचा चिमटा उतारावर मोडला. चिमटा या कारखान्यातला नव्हता. मुलगी बरी आहे, असंही खाली छापलं होतं. भूपालने पेपर घडी करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून मूठभराऐवजी टोपलीभर चिमटे मोडू लागला.

टोपलीभर मोडले तरी टोपलीबाहेरचे राहतच.

प्रेसचा कट्ट, कट्ट आवाज दिवसभर चाले आणि घरी आल्यावर ताटावरही चाले. रस्त्यात शाळेच्या पोरी सायकलवरून उतार उतरताना दिसल्या, की भूपाल श्वास धरून उभा राही. एकदा त्याने दूधवाल्याला थांबवून त्याचं पुढचं चाक हलवून पाहिलं. दूधवाल्याने रस्ता बदलला.

शेवटी आज मालक खाली आले. भंगाराचा ढीग तयार मालाच्या वर गेला होता.

“अण्णा, कारखाना चिमटे करायला काढलाय का मोडायला?” मालक म्हणाले. “उद्या दुपारी ट्रक लागेल. ठिपका मारा, नाहीतर ब्रश पाटण्याच्या हातात द्या आणि घरी बसा.”

पाटणे हा हाताखालचा. तो समोर येईल त्याला ठिपका मारी. वाटेत उभे राहिले तर मालकांनाही.

हे सगळं भूपालने महाराजांना सांगितलं होतं. महाराजांनी मध्ये एकदाही मान हलवली नव्हती.

“सगळेच मोडलेस तर?” आता त्यांनी विचारलं.

“मग सगळे चांगले होते हे कळेल.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते भूपालला ऐकू आलं. महाराज हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

“महाराज, मला खात्री पाहिजे. ती कशी मिळते, तेवढं सांगा.”

महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलली, शेजारची फरशी हलक्या हाताने झाडली आणि तिथे सरकून बसले.

भूपालमधला तपासनीस जागा झाला. “तुम्ही झाडलंत. पण एकही मुंगी राहिली नाही, याची खात्री आहे?”

“नाही.”

“तरी बसलात?”

“बसलो.”

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले...

 भूपाल नमस्कार करून निघाला. एवढं ऐकायला आपण चप्पल काढून आलो का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी चौका होता, म्हणजे मुनींच्या आहाराची तयारी. मुनी दिवसातून एकदाच जेवतात. उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत. पाणीही त्याच वेळी. कुणाचं आमंत्रण घेत नाहीत. मनात काही नेम धरून निघतात, आणि तो ज्या दारात जुळेल तिथे थांबतात. म्हणून गावातली पाचसहा घरं स्वयंपाक करून, धुतलेलं नेसून दारात उभी राहतात. भूपालच्या बायकोने, सुनंदाने, पहाटेपासून चूल धरली होती.

आणि भूपालने सुनंदाला धरलं होतं.

पीठ चाळलं होतं, ते त्याने पुन्हा चाळायला लावलं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं होतं, ते चौपदरी फडक्यातून गाळलं. तांदळाचा दाणा न् दाणा ताटात पसरून तो त्यावर वाकून बसला.

“तांदूळ निवडताय का त्यांच्या मुलाखती घेताय?” सुनंदा म्हणाली.

“मुनींच्या पोटात जायचंय ते.”

“मग जाऊ दे की. तुम्ही बाजूला झालात तर जाईल.”

एका भाकरीवर काळा ठिपका दिसला. भूपालने ती काढून टाकली.

“अहो, तो तव्याचा डाग.”

“कशावरून?”

सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. तीही गेली. उजाडेपर्यंत महाराजांसाठी ठेवलेल्या भाकऱ्यांपेक्षा गोठ्यात गेलेल्या भाकऱ्या जास्त झाल्या. म्हशीचा सण झाला. वाढायच्या वेळेपर्यंत भूपाल एकेका वाटीवर नाक टेकेल इतका वाकून पाहत होता.

महाराज गल्लीतून आले, ते आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजवा हात खांद्याला लावून. दोन दारं ओलांडून मगदुमांच्या दारात थांबले. कुठला नेम जुळला, देव जाणे. सुनंदाचे डोळे भरून आले. भूपालचे डोळे पुन्हा वाट्यांकडे गेले.

पाय धुऊन झाले, पूजा झाली. महाराज पाटावर उभे राहिले. हात अजून खांद्यालाच. आता यजमानाने एक वाक्य म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय मुनी ओंजळ उघडत नाहीत, आणि न जेवता परत फिरले तर दुसऱ्या दिवसापर्यंत घोटभर पाणीही नाही.

“मन शुद्ध आहे,” भूपाल म्हणाला. “वचन शुद्ध आहे. काया शुद्ध आहे...”

आणि अडला.

पुढचे शब्द होते, आहार-जल शुद्ध आहे. हे वाक्य तो लहानपणापासून म्हणत आला होता, परवचा म्हणावा तसं. आज त्याचं लक्ष ताकाच्या झाकणाकडे गेलं. झाकण त्याने पाहिलं होतं. आतून पाहिलं होतं का? वरणातल्या डाळीचा प्रत्येक दाणा...

“अहो,” सुनंदा पुटपुटली.

महाराज उभे होते. ते कालही उपाशीच फिरले होते, असं शेजारच्या घरातून कळलं होतं.

“मी म्हणते,” सुनंदा म्हणाली आणि तिने वाक्य पुरं केलं. महाराजांचा हात हलला नाही. ते भूपालकडे पाहत राहिले.

बाहेर कुणाचीतरी सायकल घंटी वाजवत गेली.  नाही म्हटलं तर माणूस उपाशी, हो म्हटलं तर...

“आहार-जल शुद्ध आहे,” तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

महाराजांनी हात सोडला आणि ओंजळ पुढे केली.

सुनंदाने पहिला घास ठेवला. महाराजांनी तो अंगठ्याने पसरला, या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला, मग मुखात घातला. दुसरा घास. तोही पसरला, पाहिला, घेतला. भूपालच्या खांद्यांवरचं ओझं जरा उतरलं. तिसरा घास त्याने स्वतः ठेवला.

महाराजांचा अंगठा थांबला.

भातात एक केस होता. आखूड, जाड, करडा. सुनंदाचे केस लांब, पदराखाली घट्ट बांधलेले. आणि चौक्यात मिशी एकालाच होती.

नियमच तसा. केस निघाला की जेवण तिथेच संपलं. महाराजांनी ओंजळ सोडली, हात धुतले आणि खाली बसले. पाणीही घ्यायचं राहिलं होतं.

सुनंदाने पदर तोंडाला लावला.

भूपाल महाराजांच्या पायांशी कोसळला. “एवढं पाहिलं महाराज, रात्र संपायच्या आधीपासून पाहतोय... आणि पाहता पाहता माझाच केस पडला. माझ्यामुळे तुम्ही उपाशी राहिलात.”

“हो,” महाराज म्हणाले.

त्यांनी समजूत घातली नाही. घातली असती तर भूपालला रडता तरी आलं असतं.

“तिकडे दुपारी ट्रक लागेल. आता मी कुठल्या तोंडाने ठिपका मारू?”

 महाराजांनी कमंडलू उचलला, पिंछी उचलली आणि उठले. चेहऱ्यावर ना राग, ना दया. त्या कोऱ्या चेहऱ्याने भूपालच्या जिवाची काहिली झाली. माणूस शरमला की तावातावाने हिशेब मागतो, तसं झालं.

“आहार शुद्ध आहे असं मी म्हणालो,” तो म्हणाला. “ते तुम्ही खरं मानलंच नव्हतं ना?”

“मानलं होतं. म्हणून तर ओंजळ पुढे केली.”

“मग प्रत्येक घास उलटून पालटून कशाला पाहत होतात?”

महाराज उंबऱ्यापाशी थांबले. पाऊल टाकायची जागा त्यांनी पिंछीने झाडली...

“जेवायचं होतं,” ते म्हणाले.