तीनशे बारा मुलांना शंभर गुण

एकदा एका नगरात, म्हणजे पुराणातल्या नव्हे, तुमच्याआमच्या ओळखीच्याच एका वाढत्या नगरात, एक नामांकित खाजगी शाळा होती. तिच्या पहिलीच्या वर्गात जागा चाळीस आणि अर्ज तीनशे बारा. एवढ्याशा मुलांची परीक्षा घेणे बरे दिसत नाही, म्हणून शाळा त्या परीक्षेला 'ओळखभेट' म्हणत असे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! या ओळखभेटीसाठी नगरात शिकवण्या निघाल्या होत्या, आणि खेळायच्या वेळी पोरे फळांचे रंग घोकत बसत.

त्या वर्षी शाळेच्या अध्यक्षांनी निवडीसाठी एका वृद्ध गुरुजींना पाचारण केले. गुरुजींचा सारा जन्म अध्यापनात गेलेला. त्यांनी यादी केली की कोणी ब्रही काढणार नाही, असा अध्यक्षांचा होरा. मदतीला त्यांनी ऋजुता नावाची तरुण शिक्षिका दिली. ती गुरुजींचीच विद्यार्थिनी, अध्यापक विद्यालयात त्यांच्या हाताखाली शिकलेली. शाळेत तिचे हे पहिलेच वर्ष होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावती ती एकटी. निवडीच्या यादीवर गुरुजींची आणि तिची, दोघांच्या सह्या लागणार होत्या.

पहिल्याच दिवशी शार्विल नावाचा मुलगा आत आला. चापून बसवलेला भांग, चकचकीत बूट, हात पाठीशी बांधलेले. त्याची आई दारातच थांबली.

गुरुजींनी विचारले, "काय रे बाळा, जेवून आलास का?"

"माझं नाव शार्विल," मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला.

"वा! आणि घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"केळं पिवळं असतं."

"तुला आवडतं का केळं?"

"गाईला चार पाय असतात."

ऋजुताच्या ध्यानात आले. शिकवणीत प्रश्न एका ठरावीक क्रमाने घोटून घेतले होते. आधी नाव, मग फळाचा रंग, मग प्राणी. मुलाने गुरुजींचे प्रश्न ऐकलेच नव्हते, तो आपली उत्तरे ओळीने देत सुटला होता. तिला हसू फुटले, पण दारातल्या आईचा पांढराफटक चेहरा पाहून ते घशातच राहिले. मुलानेही आईकडे पाहिले आणि त्याचा खालचा ओठ थरथरू लागला.

"मी चुकलो का?" त्याने हळूच विचारले.

"नाही रे राजा," गुरुजी म्हणाले, आणि समोरच्या कागदावर त्यांनी लिहिले, शंभरपैकी शंभर.

पुढची मुलगी पोपटासारखी बोलली. तिला शंभर. तिसऱ्याने आईचा पदर सोडला नाही की तोंड उघडले नाही. त्यालाही शंभर. असे पाच दिवस चालले. ऋजुताला काही कळेना. गुरुजी थकले आहेत, कंटाळले आहेत, की त्यांना कुणाचे मन मोडवत नाही? आपल्याच गुरूंबद्दल असले विचार येतात याची तिला लाज वाटली, आणि यादीवर आपलीही सही लागणार या विचाराने धडकीही भरली.

पाचव्या दिवशी अध्यक्षांनी यादी पाहिली आणि त्यांचा पारा चढला.

"गुरुजी, ही थट्टा समजायची का मी? तुम्हाला निवड करायला बोलावलं होतं."

"निवडण्याजोगं काही मला दिसलं नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "चिठ्ठ्या टाका. मडक्यात तीनशे बारा नावं घाला आणि आईबापांच्या देखत चाळीस काढा."

"चिठ्ठ्या काढायला ही शाळा आहे की भिशी? लोक तोंडात शेण घालतील आमच्या!" अध्यक्षांनी एक कोरा कागद ऋजुतापुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही करा नीट यादी. इथंच, आत्ता. तुम्ही समंजस आहात. तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्याच सहीनं निघतं, हे काय मी वेगळं सांगायला हवं?"

ऋजुताला अध्यक्षांचा राग आला, आणि खरे सांगायचे तर गुरुजींचाही आला. "गुरुजी, मला एवढं तरी सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना शंभर कसे? धडाधड बोलणारं मूल आणि मुकं बसणारं मूल सारखं कसं?"

गुरुजी म्हणाले, "पोरी, पाच दिवसांत मुलं बोलली कुठं? शिकवण्या बोलल्या. आईची धास्ती बोलली, बापाची हौस बोलली. ज्याच्या घरी घोकून घ्यायला कुणी नव्हतं, ते लेकरू गप्प बसलं. मग गुण कुणाला देऊ? त्या शार्विलनं स्वतःच्या मनानं एकच वाक्य उच्चारलं, 'मी चुकलो का?' हा प्रश्न त्याच्या तोंडी आपण घातला. चूक आपली आणि गुण त्याचे कापायचे? वैद्यानं धडधाकट माणसं तेवढी निवडून दवाखान्यात घ्यावीत आणि माझ्या औषधानं सगळे बरे झाले म्हणून मिरवावं, तशातली ही निवड आहे. तिच्यावर माझी सही मिळणार नाही."

"आणि चिठ्ठीतून मठ्ठ पोरं निघाली तर?" अध्यक्ष कडाडले. "जबाबदार कोण?"

"शाळा," गुरुजी म्हणाले. "तिला दुसरं काम काय असतं?"

मग ते ऋजुताकडे वळले. "तुझ्या घरचं मला ठाऊक आहे. माझ्या यादीवर तू सही केली नाहीस तरी मी रागावणार नाही."

ऋजुताला भीती वाटली. वडिलांची औषधे आठवली, आणि कोरा कागद भरणे किती सोपे आहे हेही तिला दिसले. चाळीस नावे लिहायला अर्धा तासही लागला नसता. पण उरलेल्या दोनशे बहात्तर मुलांना कोणत्या तोंडाने नापास म्हणायचे, हे तिला काही केल्या सुचेना.

तिने गुरुजींची यादी ओढून घेतली आणि खाली ठसठशीत सही केली. मग अध्यक्षांचा कोरा कागद उचलून, त्याच्या घड्या घालून, ती एकसारख्या चिठ्ठ्या फाडू लागली.

"साहेब," मान वर न करता तिने विचारले, "मडकं शाळेत आहे, की मी घरून आणू?"

तिची नोकरी राहिली की गेली, असे लोक मला नेहमी विचारतात. सही करताना तिला ते ठाऊक नव्हते, एवढेच आपण ध्यानात ठेवावे.