कौतिकाबाईंचं दार

"मुंबईवाल्यांना काम देऊ की बंगळुरूवाल्यांना, भंतेजी? उद्या दुपारी बारापर्यंत सही करून कागद पाठवायचाय."

भंते विहाराच्या पायरीवर बसून आपलं भिक्षापात्र पुसत होते. जुनं फडकं, सावकाश चालणारा हात.

"कसलं काम?"

"मार्केटिंगचं. आमच्या कंपनीची माहिती लोकांपर्यंत न्यायची, गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. दोन एजन्सी निवडून ठेवल्यात. दोन्ही चांगल्या आहेत, पण घेता येईल एकीलाच."

"हं..."

उत्पला तायडेला हा हुंकार लहानपणापासून ओळखीचा होता. ती इथलीच, डोंगरखेडची. दर रविवारी याच विहारात मुलांच्या वर्गाला बसायची आणि सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. पुष्कळदा प्रश्न पुरा व्हायच्याही आधी. भंते त्या वेळी नुसतं 'हं' म्हणत, आणि उत्पलाला ती शाबासकी वाटे. आता तिची चाळिशी जवळ आली होती, पण तो समज काही गेला नव्हता.

इंजिनिअर होऊन तिनं पुण्यात कंपनी काढली होती. छोट्या हॉस्पिटलांसाठी 'शुश्रूषा' नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. सिस्टरनं पेशंटचा ताप, बीपी, औषधाची वेळ खाटेजवळच टॅबलेटवर भरायची, आणि डॉक्टरनं ती माहिती कुठूनही फोनवर बघायची. कामात खोट नव्हती. दोन-तीन ठिकाणी त्याचं जाहीर कौतुकही झालं होतं.

"या वेळी चुकले तर कंपनी बंद करावी लागेल," ती म्हणाली. "एकोणीस माणसं आहेत माझ्याकडे. त्यांना काय तोंड दाखवू?"

ती मनातून घाबरली होती, आणि तसं दिसू नये म्हणून ताठ उभी होती.

"तुझी वस्तू चांगली आहे?"

"उत्तम आहे."

"मग लोक घेत का नाहीत?"

"आमचं नाव कुणाला माहीत नाही म्हणून."

भंते उठले. खांद्यावरचं चीवर सारखं केलं, पात्र हातात घेतलं.

"पिंडपाताची वेळ झाली. चल."

विहारापासून गावाची पहिली आळी फार लांब नव्हती. थंडीचे दिवस होते, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. भंते अनवाणी पुढे, आणि उत्पला चार पावलं मागे.

पिंडपात म्हणजे सकाळी घरोघर जाऊन मिळेल ते अन्न पात्रात घेणं. भिक्षूनं दारापुढे यायचं आणि उभं राहायचं. हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही, अमुक द्या असं म्हणायचं नाही. कुणी आलं तर घ्यायचं, नाही आलं तर पुढे जायचं. उत्पलाला हे सगळं तोंडपाठ होतं. वर्गात तिनंच तर सांगितलेलं.

पहिल्या घरातून भात आला. दुसऱ्यातून वांग्याची भाजी. तिसऱ्या घरातल्या म्हातारीनं पात्रात वरण ओतलं आणि तीनदा वाकून नमस्कार केला.

आळीच्या वळणावर भंते म्हणाले, "सांग. मुंबईवाले काय म्हणतात?"

"त्यांनी एक फिल्म करून दाखवली. दीड मिनिटाची. एक सिस्टर, एक आजारी मुलगी, खिडकीतून येणारं ऊन... आमच्या ऑफिसात सगळे रडले, भंतेजी. मीसुद्धा."

"सिस्टर?"

"सिस्टर कसली, नटी होती ती."

"हं... आणि दुसरे?"

"बंगळुरूवाले फक्त आमच्यासारख्या कंपन्यांचंच काम करतात. अर्ध्या तासात त्यांना आमचं सॉफ्टवेअर आतून-बाहेरून कळलं. आमच्या पोरांना जे धड सांगता येत नाही, ते त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. आमची भाषा बोलतात ते. माझा कल तिकडेच आहे."

"तुझी वस्तू विकत कोण घेतं?"

"डॉक्टर. हॉस्पिटलचा मालक असतो तो."

"आणि वापरतं कोण?"

"सिस्टर."

"तिची भाषा कोण बोलतं यांच्यात?"

उत्पला जराशी चिडली. "त्याची गरज नाही पडली. पैसे डॉक्टर देतात."

भंते पुढच्या दारापुढे जाऊन उभे राहिले होते. बोलणं तिथंच थांबलं.

हे दार हिरव्या रंगाचं होतं, बंद. पण घर जागं होतं. आत कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी भांडं सरकवलं, खिडकीचा पडदा हलला. भंते मान खाली घालून उभे राहिले. बाकी घरांपुढे राहिले त्यापेक्षा जास्त वेळ राहिले.

कुणी आलं नाही.

भंते वळले आणि पुढे निघाले.

"यांच्याकडे रोज असंच?" उत्पलानं विचारलं.

"रोज."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"म्हणजे चार महिने इथं काही मिळत नाही, तरी तुम्ही उभे राहता?"

"हं."

"बाकी गाव देतं ना, भंतेजी. पात्र भरतं तुमचं. मग या घराचा सोस कशाला?"

"आधी देत होते," भंते म्हणाले.

"देत होते आणि बंद केलं, तर त्यांनाच किंमत कळली नाही असं म्हणायचं आणि..."

बोलता बोलता ती थबकली. हेच वाक्य तिनं ऑफिसात कितीदा म्हटलं होतं, याच शब्दांत. ते तिला आवडलं नाही. आणि आवडलं नाही म्हणून तिचा राग त्या हिरव्या दारावर गेला. एक वयोवृद्ध माणूस रोज थंडीवाऱ्यात येऊन उभा राहतो, आणि आतली बाई पडद्याआडून बघत बसते, याला काय म्हणायचं?

ती तरातरा मागे गेली. भंतेंनी हात वर केला, पण तोवर तिनं दार वाजवलं होतं.

एकदा, मग पुन्हा.

दार उघडलं. साठीची बाई, हाताला पीठ. कौतिकाबाई गवई. लहानपणी उत्पलानं यांच्या अंगणातली बोरं खाल्ली होती.

"काकू, भंतेजी बाहेर उभे होते. दिसले नाहीत का?"

"दिसले ना."

"मग?"

"रोज दिसतेत." कौतिकाबाईंनी पदरानं हात पुसले. "पडद्यामागून रोज पायते मी त्याईले. बाहीर याची हिंमत होत नाही."

"काहून?" उत्पलाच्याही तोंडी नकळत गावची बोली आली.

भंते परत येऊन अंगणाच्या कडेला उभे राहिले होते, नेहमीसारखे, मान खाली घालून. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बघून बोलू लागल्या.

"मी जवारीची भाकर देत होती. रोज. आठ वर्सं. एक दिवस नाल्याकडे भाजी खुडाले गेल्ती. तं भंतेजी तिथं बसून माही भाकर बकरीले चारत होते."

बाईंनी दाराची चौकट धरली.

"म्या म्हटलं, कौतिके, तुह्या हातचं माणसानं खायजोगं राह्यलं नसंल. आता हात कापतेत माये. पीठ नीट मळल्या जात नाही. भाकर करपते एखांद्या वक्ती..." त्यांनी हात पदराआड घेतले. "भंतेजी बिचारे कोनाले बोलतेत? पन म्या समजून घेतलं. मंग दार लावून घेतलं."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. बाई आत गेल्या नाहीत.

भंतेंनी पात्र ओट्यावर ठेवलं.

मग त्यांनी दोन्ही हात जोडले, कौतिकाबाईंना.

उत्पला बघतच राहिली. भिक्षू गृहस्थापुढे हात जोडत नाही. चीवर अंगावर असताना तर नाहीच. तिनं जन्मात असं पाहिलं नव्हतं. कौतिकाबाई घाबरून दोन पावलं मागे सरकल्या.

"बाई," भंते म्हणाले, "माझ्या दाढा पडल्या. भाकरी चावत नाही."

बाईंनी मान वर केली.

"दुसरं काही द्या, असं आम्हांला म्हणता येत नाही. टाकून द्यायला जीव होईना. म्हणून बकरीला दिली. भाकरी चांगली होती."

"दाढा?" बाई म्हणाल्या.

"हो."

"चार मयने म्या..." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग आत गेल्या. आतून ताट आपटल्याचा, भाकरी मोडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात पातेलं होतं. गरम वरणात कुस्करून मऊ केलेली भाकरी. ती त्यांनी पात्रात घातली. हात खरोखरच कापत होते, थोडं वरण ओट्यावर सांडलं.

"आता अशीच देईन," त्या म्हणाल्या.

भंतेंनी पात्र उचललं. पुढची दोन घरं घेऊन ते विहाराच्या वाटेला लागले.

उत्पला मागून चालत होती. बोलत नव्हती. तिला ओळखणाऱ्या कुणालाही हे विचित्र वाटलं असतं.

ओढ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "भंतेजी... तिसरी एक होती."

भंते चालत राहिले.

"साताऱ्याची एजन्सी. रेहाना मुलाणी म्हणून बाई आहेत. दोन खोल्यांचं ऑफिस, चार-पाच माणसं. पण सगळी कामं आमच्यासारख्यांचीच केलेली. आल्या तेव्हा त्यांच्याकडे फिल्म नव्हती, काही नव्हतं, एक वही तेवढी होती. बसल्या आणि म्हणाल्या, तुमचं सॉफ्टवेअर घेऊन ज्यांनी बंद केलं त्यांचे पत्ते द्या. आधी तिथल्या सिस्टरांना भेटते. ड्यूटी बदलायच्या वेळी वॉर्डात उभी राहून बघते. मग सांगते, तुमचं काम मला जमेल की नाही."

"तू काय म्हणालीस?"

"मला अपमान वाटला. म्हटलं, बंद केलेलं कुणीच नाही. चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं त्यांना."

"हं..."

या वेळी मात्र उत्पलाला ती शाबासकी वाटली नाही.

"नऊ आहेत, भंतेजी."

हे तिनं आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. ऑफिसातल्या एकोणीस माणसांपुढेही नाही. नऊच्या नऊ नावं तिला पाठ होती, गावांसकट. पहिलं हॉस्पिटल सोडून गेलं तेव्हा दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. नंतर तिनं ठरवूनच टाकलं, की या लोकांना समज नाही. तसं ठरवल्यावर जेवण जाऊ लागलं. जिथं घेतलं होतं तिथल्या टॅबलेट कपाटात पडल्या असतील, सिस्टर पुन्हा कागदावर लिहीत असतील, आणि का लिहीत असतील हे तिला ठाऊक नव्हतं. विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

"त्यांचंही काही दाढांसारखंच असेल का हो?" ती म्हणाली. "एवढंसं काहीतरी. आणि मी इकडे फिल्म बघून रडतेय."



विहाराची पायरी आली. पात्र खाली ठेवून भंते बसले. उत्पलानं फोन काढला, बघितला, पुन्हा ठेवला.

"ठरलं माझं," ती म्हणाली. "उद्याची सही नाही करत. बंगळुरूवाल्यांना आणि मुंबईवाल्यांना नाही म्हणून कळवते. मुलाणीबाईंना आजच फोन करते, माफी मागते. काम त्यांनाच. नऊही पत्ते देते. जाऊ दे त्यांना त्या नऊ दारांत. त्या विचारतील, बघतील, मला लिहून पाठवतील."

एवढं बोलल्यावर तिला हलकं वाटलं. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. ती आज पहिल्यांदाच पायरीवर बसली.

ओढ्यापलीकडून बकऱ्यांचा आवाज येत होता.

"भंतेजी, एक विचारू? चार महिने तुम्ही नुसते उभे राहिलात. काय चुकलं ते तुम्हांलाही माहीत नव्हतं. दार वाजवावं, असं कधी वाटलं नाही?"

"रोज वाटलं."

"मग..."

भंतेंनी सकाळपासून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"मला मनाई आहे," ते म्हणाले. "तुला कुणी केली?"