चुन्याची रेघ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या पेठेत ती घडली तिथे आता नुसत्या बाभळी उभ्या आहेत. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

त्या पेठेची एक रीत होती. बाहेरून नवं फळ, नवी भाजी आली की ती आधी वेशीपाशी बसलेल्या पारख्यापुढे ठेवायची. त्याने गेरूचा ठिपका लावला की माल बाजारात जायचा. चुन्याची रेघ ओढली की तो वेशीबाहेरच्या खड्ड्यात. चुना लागलेलं फळ मग जन्मभर कोणी तोंडाला लावत नसे.

पारखी म्हातारा होता आणि खरोखरच जाणकार होता. नुसत्या सालीच्या वासावरून लिंबू कोणत्या मळ्यातलं ते सांगायचा. चाळीस वर्षांत ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. गावाला त्याचं फार कौतुक होतं, त्याच्या एकुलत्या एका लेकीला त्याहून जास्त, आणि सगळ्यांत जास्त त्याला स्वतःला.

एका बाजारच्या दिवशी डोंगरातली एक बाई पाटी घेऊन आली. पाटीत पिवळी, खडबडीत, नारळाएवढी फळं होती. पारख्याने एक उचलून हुंगलं. वास लिंबाचा, पण ते लिंबू नव्हतं. कापलं, तर आत बोटभर जाड पांढरा गर आणि मधोमध इवल्याशा फोडी. असलं फळ त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

भोवती माणसं जमली होती आणि सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने बाईला नाव विचारलं. ती म्हणाली, आमच्यात याला नाव नाही, आम्ही नुसतं ‘आंबट’ म्हणतो. लोक हसले. हे हसू आपल्यावर तर नाही ना, अशी शंका पारख्याच्या मनाला चाटून गेली.

“चाखून तर बघा, दादा,” बाई म्हणाली. “ज्या साली हिरवं काही मिळत न्हाई, त्या साली आमचे दात हेच राखतं.”

चाखायला काही हरकत नव्हती. पण चाखूनही काही सांगता आलं नाही तर? पारख्याने चुन्यात बोट बुडवलं आणि फळावर रेघ ओढली. विषारी आहे, असं त्याने सांगून टाकलं. जीभ जराही अडखळली नाही. पाटी खड्ड्यात रिकामी झाली आणि बाई आल्या वाटेने परत गेली.

दोन वर्षांनी टोळधाड आली. टोळांनी मळे फस्त केले, लिंबाच्या झाडांची सालही सोडली नाही. कोठारात जोंधळा भरपूर होता, त्यामुळे उपाशी कोणी राहिलं नाही. पण महिनोन्‌महिने नुसती भाकरी आणि मीठ. हळूहळू माणसांच्या हिरड्या सुजल्या, त्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर काळेनिळे डाग उठले. वैद्याचे काढे वाया गेले. पारख्याची लेक अंथरुणाला खिळली. भाकरीच्या घासाबरोबर तिचा दात निघून आला, तेव्हा म्हाताऱ्याला डोंगरातल्या बाईचे शब्द आठवले.

तो रडतखडत डोंगर चढला. वर टोळ पोचले नव्हते, पण त्या फळाचं एकच झाड उरलं होतं, बाईच्या अंगणातलं. एवढा जाणता माणूस विष म्हणतो म्हटल्यावर बाकीच्यांनी पोराबाळांच्या जिवाच्या भीतीने आपली झाडं तोडली होती. बाईने त्याला दोष दिला नाही. झाडावर चार फळं होती, ती चारही तिने त्याच्या उपरण्यात बांधली.

घरी येऊन त्याने रस लेकीच्या ओठांना लावला. सुजलेल्या हिरड्यांना तो असा झोंबला की ती कळवळली. मग तिने फळ पाहिलं.

“बाबा, याला तुम्ही चुना लावला होता.”

“मला ठाऊक नव्हतं गं,” म्हातारा म्हणाला. “मी तेव्हा चाखलंसुद्धा नव्हतं.”

लेक त्याच्याकडे बघत राहिली. “तुम्ही कधी असं बोलत नाही. माझ्या काळजीने तुमचं डोकं ठिकाणावर नाही, बाबा.”

तो रडला, तिच्या पाया पडला. तिच्यासमोर एक अख्खं फळ सालीसकट खाल्लं. बाप आपल्याआधी मरायला निघालाय असं वाटून ती हंबरडा फोडून रडली. शेजारी धावले. त्यांनी म्हाताऱ्याला धरून ठेवलं आणि उरलेली फळं खड्ड्यात नेऊन टाकली. पारख्याचा शब्द राखायलाच त्यांनी तसं केलं.

पाचव्या दिवशी लेक गेली.

म्हातारा जगला. महिन्याभरात त्याच्या हिरड्या भरून आल्या, हलणारे दात घट्ट बसले. ते बघून लोकांचे डोळे उघडले आणि सगळी पेठ डोंगराकडे धावली. पण वर झाड एकच होतं, आणि त्याचा बहर संपला होता. त्या वर्षी पेठेतल्या निम्म्या घरांत माणसं गेली.

त्यानंतर वेशीपाशी कोणी पारखी बसवला नाही. म्हातारा मात्र रोज तिथे येऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, मला ठाऊक नव्हतं. ऐकायला कोणी थांबत नसे.

तात्पर्य : ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची ज्याला लाज वाटते, त्याच्या लाजेपायी दुसऱ्यांचे जीव जातात.