लतीफबाबा गाढवं कुणाला देतात

“मागच्या खेपेला इथं एकवीस होती. आज चौदाच आहेत. बाकीची सात कुठं गेली, बाबा?”

लतीफबाबांनी मान वर केली नाही. पुढ्यातल्या गाढवीच्या पाठीवर जुनी जखम होती. तिच्या कडेनं ते कडुनिंबाचं तेल लावत होते.

“गेली.”

“कुठं?”

“कामाला.”

शलाकाबाई नाडगौडांनी हे उत्तर मनात टिपून ठेवलं. त्या इथं काही शिकायला आल्या नव्हत्या.

शहरात त्यांचा जनावरांचा आश्रम होता, ‘ओसरी’ नावाचा. आठ वर्षांपूर्वी ट्रकखाली सापडलेला एक कुत्रा त्यांनी गाडीत घालून घरी आणला, तो जगला, आणि तिथून सगळं सुरू झालं. त्यांनी कॉलेजातली नोकरी सोडली, माळावर पत्र्याची शेड उभी केली, डॉक्टर गाठले, माणसं जोडली.

पहिल्याच वर्षी त्यांनी एक पिल्लू चांगल्या शिकल्यासवरल्या घरात दिलं होतं. महिनाभरानं चौकशीला गेल्या, तर ते गच्चीवर साखळीला बांधलेलं. भांडं कोरडं ठणठणीत. पिल्लू मेलेलं...

त्या दिवसापासून बाईंचा माणसांवरचा विश्वास उडाला.

पुढं कुणी जनावर मागायला आलं की त्या असे खोदून खोदून प्रश्न विचारत, की माणूस चोरी करून आल्यासारखा घाम पुसत बाहेर पडे. त्याचं घर बघायला जात, शेजाऱ्यांना गाठत आणि शेवटी नाही म्हणत. दोन वर्षांत ‘ओसरी’तून एकही जनावर बाहेर गेलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता.

संस्थेतले एक जुने गृहस्थ त्यांना म्हणाले होते, नदीपलीकडच्या त्या फकिराकडं एकदा जाऊन या, त्याच्याकडं जखमी जनावराला कायम जागा असते. बाईंनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. कायम जागा असते म्हणजे आतलं जनावर कुठंतरी जातं. गाढवं जातात कुठं? ज्याला कातडं हवं, त्याच्याकडंच.

म्हणून त्या दोनदा येऊन गाढवं मोजून गेल्या होत्या.

तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. हातापायांवर विटांची लाल धूळ. त्याचं नाव भीमशा. काठावरच्या वीटभट्टीवर तो विटा वाहायचा. ती गाढवी त्याचीच होती. तीन महिन्यांपूर्वी तिची पाठ सोलून निघाली, तेव्हा तोच तिला इथं सोडून गेला होता.

जनावर बरं झालं असेल तर न्यावं म्हणतो, असं तो खाली बघत म्हणाला.

बाबांनी हात पुसले. या हंगामात भट्टी कुठं लागलीय, एवढंच विचारलं. त्यानं सांगितलं. बाबांनी दोरी त्याच्या हातात दिली.

शलाकाबाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

“हिची ही दशा यानंच केलीय ना?”

“हो,” बाबा म्हणाले.

“आणि परत यालाच देता?”

“मागतोय.”

“मागेल त्याला देणार?”

बाबांनी बाईंच्या कोपराला हळूच धरून त्यांना बाजूला घेतलं, जसं एखाद्या वासराला घेतात. भीमशा गाढवी घेऊन निघून गेला.

बाईंना इतका संताप आला की त्या तडक गाडीत जाऊन बसल्या. यात दोघांचं साटंलोटं आहे, याची त्यांना खात्री पटली. गाडी वळवताना त्यांना दिसलं, कुणीतरी पाय मोडलेलं एक शिंगरू हातगाडीवरून आणत होतं. बाबांनी ते उचलून गाढवीच्या रिकाम्या जागेत ठेवलं.

बाईंनी नजर काढून घेतली. आठवड्यापूर्वी ‘ओसरी’च्या दाराशी एक बाई चिरडलेली कुत्री पदरात घेऊन आली होती. शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. नाही म्हणावं लागलं. ती कुत्री दाराबाहेरच मेली... हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे येऊन वाटेवरच्या बाभळीआड गाडी लावू लागल्या. फकीर कधी ना कधी कातड्याच्या व्यापाऱ्याकडं जाईल, तेव्हा त्याला पकडायचं, फोटो काढायचे. दोन दिवस कुणी आलं-गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा खांद्याला झोळी आणि हातात काठी घेऊन बाहेर पडले. बाई चालत त्यांच्या मागं निघाल्या.

पहिली भट्टी अर्ध्या कोसावर होती. बाबा माणसांकडं न जाता आधी गाढवांकडं गेले. खोगिराखाली तळहात घालून त्यांनी पाठी चाचपल्या, खूर उचलून बघितले. मग कुठं मालकाला सलाम केला.

दुसऱ्या भट्टीवर बाबांनीच बरं करून दिलेल्या एका गाढवाच्या खोगिराखालून त्यांचा हात ओला निघाला. त्यांनी सरळ विटा उतरवल्या आणि दोरी सोडली. मालक हंगाम ऐन भरात असल्याचं सांगत बराच वेळ मागं मागं आला. बाबा थांबले नाहीत.

आता लपण्यात अर्थ नव्हता. गाढवाची दोरी हातात घेऊन बाबा वळले, तेव्हा बाई वाटेत उभ्या होत्या. त्यांना बघून बाबांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

दोघं पुढं चालू लागले. मध्ये ते गाढव.

बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, असं दिलेलं जनावर कधी मेलं नाही का?

“एक मेलं. मला ताप होता. पंधरा दिवस घरात पडून होतो.”

बाईंच्या डोळ्यांपुढं ती गच्ची आली. त्या तिथं किती दिवसांनी गेल्या होत्या, तेही आठवलं...

तिसरी भट्टी भीमशाची. बाबांची नजर अधू होती, पण बाईंना लांबूनच स्पष्ट दिसलं. भीमशानं वाटेकडं पाहिलं, तो चपापला आणि गाढवीवरच्या विटा भराभरा उतरवू लागला. बाबा पोचेपर्यंत ओझं निम्म्यावर आलं होतं.

बाईंना हेच हवं होतं.

“तुम्हाला बघून उतरवल्या त्यानं. मी पाहिलं.”

“उतरवणारच.” बाबांनी खोगिराखाली हात घातला. आत घोंगडीची घडी होती. हात कोरडा निघाला. “गेल्या हंगामातही उतरवल्या होत्या.”

“मग उद्या परत लादील.”

“लादील. म्हणून मी वार ठरवून येत नाही.”

भीमशा ऐकत होता. तो ओशाळं हसला आणि चहा ठेवायला गेला.

बाई विटांच्या थरावर बसल्या. त्यांना पकडायला माणूस मिळाला होता, आणि आता त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

“म्हणजे तुमचाही याच्यावर विश्वास नाही?”

“छे.”

“आणि त्या मघाच्या मालकावर?”

“त्याच्यावर तर नाहीच.”

“मग देता कशाला, बाबा?”

बाबांनी चहा संपवला. पेला विसळून उपडा ठेवला. वहाणेत अडकलेला खडा काढून टाकला आणि काठीचा आधार घेत सावकाश उठले. अजून दोन भट्ट्या राहिल्या होत्या, आणि ऊन चढत होतं.

“मला कुणाचाच भरवसा नाही, बाई,” ते म्हणाले. “म्हणून तर एवढं चालावं लागतं.”