घुमटावरची टकटक

त्या राज्यावर एक पांढरा, टणक घुमट होता आणि राज्याचा सगळा कारभार नगाऱ्यांच्या तालावर चाले. ताल लांबच्या वाटेने खाली उतरे. तिथे राहणाऱ्या पाच बहिणी तो ऐकून कामाला लागत.

नगाऱ्यांच्या कातड्यांना तेल पुरवणारी काळी आळी अलीकडे एकेक दिवा विझत ओस पडत चालली होती. तेल आटलं तशी कातडी ताठरली आणि सगळे नगारे एकाच ठेक्यात अडकले. आता बहिणी रिकाम्या बसल्या की थरथरत आणि कामाला बोलावलं की जागच्या जागी थिजत.

भामा त्यांच्यासाठी नगारा वाजवी. नगारखान्याचे म्हातारे प्रमुख भिकोबा तिला म्हणाले, "जोर लाव, भामे." तिने जोर लावला, तर बहिणी आणखीच थरथरल्या. तिने टिपऱ्या खाली ठेवल्या.

"बाबा, माझ्या वाजवण्याने त्यांना त्रासच होतोय. मी नाही वाजवणार."

मग एका सकाळी घुमटावर बाहेरून टकटक झाली.

"कुणीतरी घुमट फोडतंय," भिकोबा घाबरून म्हणाले. "सगळे मिळून वाजवा, पळवून लावा त्याला."

पण भामाच्या नगाऱ्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तो आपोआप घुमला होता. खाली थोरली बहीण टुणकन उडाली. टकटक थांबली. थोडी सरकून पुन्हा झाली, तेव्हा शेजारचा नगारा घुमला आणि मधली हलली.

"बाबा, तो फोडत नाहीये. काहीतरी विचारतोय."

"कशावरून?"

"दर वेळी थांबतोय. भांडायला आलेला असा थांबतो का?"

भिकोबांनी बराच वेळ कान दिला. मग हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. बाहेरचा विचारत राहिला, नगारे उत्तरं देत राहिले. कुठलं उत्तर उशिरा जाई, कुठलं नको तेवढं मोठं. तो कंटाळला नाही. तीच जागा पुन्हा ठोकून बघे. आपलं कुणीतरी इतकं मन लावून ऐकतंय, यानेच भामाला भरून आलं.

पुढे टकटक भामाच्या कोपऱ्यावर येऊन स्थिरावली, हलकी आणि भरभर. अडकलेला ठेका हळूहळू सैल झाला. भामाने टिपऱ्या उचलल्या आणि अगदी अलगद वाजवलं. ताल मोकळा निघाला. शेजारचे त्यात मिसळले. भिकोबा मान डोलावू लागले आणि आपण डोलतोय हे त्यांना कळलंही नाही.

काळ्या आळीतले विझलेले दिवे काही पुन्हा लागले नाहीत. ताल किती वेळ असा मोकळा राहील, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

खाली मात्र पाचही बहिणी उठल्या. पलीकडच्या काठावरच्या पाच जणीही आल्या. सगळ्यांनी मिळून चार भोकांची एक छोटी गोल चकती धरली, सदऱ्याच्या कापडातल्या चिरेपाशी नेली, तिरकी केली आणि ढकलली. चकती पलीकडे निघाली.

घुमटाखालचं सगळं राज्य हसण्याने हललं. बहिणी तोवर वरच्या चकतीकडे वळल्या होत्या.