बांधावरची पदवी

खाडीकाठच्या शाळेला विज्ञानाची शिक्षिका हवी होती, आणि सुगंधाला ती जागा मनापासून हवी होती. एका नामवंत विद्यापीठाची पदवी तिने दूरशिक्षणाने मिळवली होती. खाडीला भरती आली की बांधावर बसून ती मोबाइलवर दूरच्या प्राध्यापकांचा आवाज ऐकायची. पाण्यात उतरलेल्या ढगांमध्ये तिला त्या विद्यापीठाचे मनोरे दिसायचे.

पण शाळेचे अध्यक्ष होते मिठागरांचे मालक धर्माशेठ. मिठाच्या राशीशेजारी खुर्ची टाकून त्यांनी तिला समोर उभं केलं.

"काय गो, त्या विद्यापीठाची पायरी चढलीस कधी?"

"नाही, शेठ."

"फाटक तरी पाहिलंस?"

"फोटोत."

मिठागरातले गडी खो खो हसले. शेठ म्हणाले, "मग ती कसली पदवी? घरबसल्या कुणी शिकतं होय?"

सुगंधाने राशीतलं चिमूटभर मीठ उचलून शेठच्या तळहातावर ठेवलं.

"शेठ, हे मीठ समुद्रावर कधी गेलं होतं?"

"ते कशाला जाईल? भरतीला आपण बांधाचं दार उघडतो, समुद्रच आत येतो. मग पाणी ऊन खातं, तेव्हा कुठे दाणा धरतो."

"मीही दार उघडलं, शेठ, आणि ऊन खाल्लं. गिऱ्हाईक मिठाला कुठे गेलं होतंस म्हणून विचारत नाही, जिभेवर ठेवून बघतं."

आता गडी शेठकडे बघून हसत होते. शेठनी मिशी पुसली.

"उद्या सातवीचा तास घे. मी मागच्या बाकावर बसतो. अळणी निघालीस तर बघ!"